महाराजांची रात्र शांत गेली

१४ सप्टेंबर

पुस्तक लिहिताना डायरी ठेवली की डोक्यातला केर इथे पडतो आणि पुस्तक स्वच्छ राहतं, हा माझा जुना अनुभव. म्हणून आजपासून पुन्हा सुरुवात. लंडनहून सास्कियाचा, माझ्या संपादिकेचा, फोन आला होता. "हेस्टर, या वेळी जानेवारी म्हणजे जानेवारी हं," म्हणाली. माझ्या शेवटच्या विद्यार्थ्यांपेक्षाही लहान आहे ती, पण दटावते हेडबाईसारखी. जानेवारीत मला सत्तर पूर्ण होतील. यानंतर कुणी माझ्या दाराशी पुस्तक मागायला येईल असं वाटत नाही, त्यामुळे हे बिघडून चालणार नाही.

विषय जुनाच, माझ्या जिव्हाळ्याचा. राजा आजारी पडला की राजवाड्याच्या फाटकावर जी प्रकृतीची पत्रकं लावत, ती. 'राजेसाहेबांची रात्र शांत गेली.' 'सर्दी उतरणीला लागली आहे.' आणि बाहेर पावसात उभी माणसं ती वाचून सुस्कारा टाकून घरी जाणार. यात तीनशे पानं लिहिण्यासारखं काय आहे, असं लोक विचारतात. मी म्हणते, एक अख्खा देश न बोललेलं ऐकायला कसा शिकला, ते यात आहे.

संध्याकाळी क्लेमला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. त्यात माझा नियम आहे: पत्रकात काय लिहिलंय ते वाचू नका, काल होतं आणि आज गाळलंय, ते वाचा. भूक गाळली, म्हणजे जेवण सुटलं. झोप गाळली, म्हणजे रात्र जागून काढली. डॉक्टर खोट्यावर सही करत नाहीत, ते फक्त गप्प बसतात.

"म्हणजे खोटं न बोलता फसवता येतं," क्लेम म्हणाला.

"फसवत नाहीत रे. ज्याला वाचता येतं, त्याला सगळं सांगतात."

तो बराच वेळ त्यावर विचार करत बसला. एरवी इतकं मन लावून माझा नवरा माझं काही ऐकत नाही, तेव्हा प्रकरण छान उतरलंय म्हणायचं.

१५ सप्टेंबर

क्लेमच्या डोक्यात खूळ शिरलं की ते निघायला वर्ष लागतं. सकाळी गाऊन घालून स्वयंपाकघराच्या दारात ताठ उभा राहिला आणि खाकरून म्हणाला, "महाराजांची रात्र शांत गेली. महाराज एका दमात जिना उतरले. नाश्त्याला दोन अंडी घेतील. संध्याकाळी नेहमीप्रमाणे चर्चच्या घंटाघरात जाऊन सर्वांत जड घंटा ओढतील. खाली दोन डॉक्टरांच्या सह्या."

"दुसरा डॉक्टर कशाला?"

"एक बोलणारा, एक गप्प बसणारा."

चाळीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाचा विनोद. एकदा सुचला की नकाशासारखा भिंतीला टांगून ठेवायचा. पण हसले मी. अंडी दोन्ही खाल्ली त्याने.

२९ सप्टेंबर

सहाव्या जॉर्जचं प्रकरण सुरू केलं. १९५१चा सप्टेंबर. राजवाड्यातच शस्त्रक्रिया करून एक फुप्फुस काढलं, आणि पत्रकात लिहिलं, 'फुप्फुसाच्या रचनेत बदल'. कॅन्सर हा शब्द जगाला सांगितला नाही, आणि खुद्द राजालाही नाही. रचनेत बदल! घराची भिंत पाडून खिडकी बसवल्यासारखं. हे वाचून मला दर वेळी संताप येतो आणि दर वेळी त्या भाषेचं कौतुकही वाटतं.

क्लेमचं पत्रक रोज चालू आहे. आज 'एक अंडं'. म्हटलं, "महाराज दुष्काळात का?" तर म्हणाला, "वयोमान." मी दुसरं अंडं स्वतः खाल्लं.

आणखी एक नवं टुमणं. मी पुन्हा गाडी चालवावी म्हणे. बारा वर्षांपूर्वी पाद्रीसाहेबांच्या कुंपणात गाडी घातली, तेव्हापासून मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही, आणि आमच्या मार्लथॉर्प गावचे लोक त्याबद्दल माझे आभारी आहेत.

"तू आहेस की," मी म्हटलं.

"मी आहेच. पण बस दिवसातून दोनदा येते, तीही मनात आलं तर."

बुधवारपासून शिकवणी. माझी खात्री आहे, त्याला माझी ने-आण करण्याचा कंटाळा आलाय. सरळ तसं म्हणायचं तर!

११ ऑक्टोबर

क्लेमने घंटेचा दोर सोडला. तेहतीस वर्षं तो आमच्या चर्चच्या घंटाघरात सर्वांत जड घंटा ओढत होता. नाताळात ताप असतानाही गेलेला माणूस. खांदा दुखतो म्हणाला. नॉरिचच्या इस्पितळात दर गुरुवारी खांद्याला शेक घ्यायला जाणार आहे. टॅम्सिन नेणार. आमची कन्या लिंकनला राहते, वर्षातून तीनदा उगवते, आणि आता वडिलांच्या खांद्यासाठी दर गुरुवारी दीड-दोन तास गाडी हाकत येणार! मला मणक्याचा त्रास होता तेव्हा तिने एक कार्ड पाठवलं होतं, त्यावर ससा होता.

प्रू टॅब आली होती. घंटा वाजवणाऱ्यांची ती म्होरकी, शेजारच्याच घरात राहते, आवाज असा की दोर नसला तरी चालेल. कोंबडीचं सूप घेऊन आली. तीस वर्षांच्या शेजारात प्रूने मला एक गाजर दिलेलं नाही.

"कसं वाटतंय गं तुला?" माझा हात धरून विचारलं तिने.

"जानेवारीपर्यंत होईल असं वाटतंय," मी म्हटलं.

प्रूच्या डोळ्यांत पाणी आलं. "जानेवारी," म्हणाली. "अगं, इतक्या लवकर?"

"मुदतच तेवढी दिलीय."

ती माझा हात सोडेचना. माझ्या पुस्तकाबद्दल प्रूला इतकं प्रेम असेल असं वाटलं नव्हतं. माणसाची पारख करायला मी नेहमीच कमी पडते, हे मात्र खरं.

२४ ऑक्टोबर

काहीतरी शिजतंय. मी खोलीत शिरले की बोलणी थांबतात. काल टॅम्सिन आणि क्लेम बागेच्या टोकाला थंडीत उभे होते, ती रडल्यासारखी दिसली. मी गेले तर दोघं गुलाबांच्या छाटणीबद्दल बोलायला लागले. टॅम्सिनला गुलाब आणि कोबी यांतला फरक कळत नाही. आमच्या नेहमीच्या डॉ. ओकाफोर बाईंचा फोन आला तो मी उचलला, तर त्या म्हणाल्या, "क्लेमंट आहेत का? काही विशेष नाही."

दुपारी एकदम उजेड पडला. सत्तरावा वाढदिवस! सत्तावीस जानेवारी! सगळं गाव मिळून मला चकित करायला निघालंय. राजवाड्यांची शंभर वर्षांची गुपितं फोडणाऱ्या बाईपासून एक पार्टी लपवणार ही माणसं. जीव ओवाळून टाकावा यांच्यावरून. कळलंय असं अजिबात दाखवायचं नाही, असं ठरवलंय.

पत्रक: 'महाराजांची रात्र शांत गेली. जिना उतरताना मध्ये थांबून महाराजांनी खिडकीतून बागेची पाहणी केली.' अंड्याचा उल्लेखच नाही. चहा-टोस्टवर भागवतोय हल्ली.

८ नोव्हेंबर

आज युद्धातल्या मृतांच्या स्मरणाचा रविवार. दरवर्षीप्रमाणे घंटा अर्ध्या झाकून वाजवल्या, म्हणजे लोलकाच्या एका बाजूला चामड्याची गादी बांधून. एक ठोका उघडा, आणि मागोमाग तोच ठोका विहिरीच्या तळातून आल्यासारखा. राजघराण्यात कुणी गेलं की अशाच वाजवतात. गावात घंटावाल्यांपैकी कुणी गेलं तरी. आम्ही दोघं कोटाला पॉपीचं लाल कागदी फूल लावून चर्चच्या दफनभूमीच्या भिंतीपाशी उभे होतो. क्लेमचा कोट त्याला मोठा होतो. शिंप्यांना हल्ली कापड बेतता येत नाही, सगळं सैल होतं.

"तो दुसरा ठोका मला आवडत नाही," क्लेम म्हणाला.

"गेल्या वर्षापर्यंत तूच देत होतास की."

"आत उभं राहून दोर ओढताना कळत नाही, बाहेर कसा ऐकू येतो."

परतताना तो सावकाश चालत होता. फाटकाशी थांबला आणि एकदम म्हणाला, "हेस्टर, मी सकाळी जे सांगतो ते तू नीट ऐकतेस ना?"

"मी? साऱ्या इंग्लंडात माझ्याइतकं पत्रक कुणाला वाचता येत नाही."

"तेच म्हणतो मी. मग... त्याबद्दल बोलायचंय तुला काही?"

मला वाटलं पार्टीचा सुगावा लागलाय का ते बघतोय. मी म्हटलं, "कळलं तरी बोलून दाखवायचं नाही, हाच तर शिष्टाचार. फाटकाबाहेरची माणसं काय करायची? वाचायची, टोपी काढायची, घरी जायची."

त्याने माझा हात घट्ट धरला. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा चेहरा झाला. "बरं," म्हणाला. "तसंच करू मग." पन्नास वर्षांत आम्हा दोघांचं कुठल्या गोष्टीवर इतक्या पटकन एकमत झालेलं नाही.

२७ नोव्हेंबर

आज एकटीने गाडी चालवत होल्टपर्यंत गेले, पेट्रोल भरलं आणि परत आले. कुंपण एकही पाडलं नाही. क्लेम दाराशी खुर्ची टाकून बसला होता, मला बघून टाळ्या वाजवल्या. मग तळघरात नेऊन बॉयलरचा कुठला खटका कधी दाबायचा ते दाखवलं. पाण्याची मुख्य चावी कुठे, ते दाखवलं. म्हटलं, "मला काय नळवाल्याकडे नोकरीला लावणार आहेस?" तो पायरीवर टेकला होता, दम लागला होता. "एकदा पुन्हा दाबून दाखव," एवढंच म्हणाला.

त्याचं पत्रक आखूड होत चाललंय. आज फक्त 'महाराजांची रात्र बरी गेली.' जिना नाही, बाग नाही, नाश्ता नाही. "आळशी झालास," मी म्हटलं. "गद्य सुकत चाललंय तुझं." तर माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणाला, "तुझ्या लक्षात आलंच की." येणारच. चाळीस वर्षं निबंध तपासलेत मी.

आज उगाचच मन थाऱ्यावर नाही. प्रकरणंही पुढे सरकेनात. थंडी असेल, किंवा पुस्तक संपत आलं की येतं ते रितेपण. गुलाबी पायांच्या रानहंसांचे थवे दिवसभर घरावरून ओरडत गेले, त्याचाही त्रास झाला.

१९ डिसेंबर

क्लेमची लग्नाची अंगठी भांडी घासताना पाण्यात पडली. शोधून काढली. त्याने ती फडताळातल्या अंड्याच्या कपात ठेवून दिली. "थंडीत बोटं बारीक होतात," म्हणाला. धातूही आकसतो ना पण? भूगोलवाल्याला विज्ञान काय शिकवायचं, म्हणून सोडून दिलं.

डॉ. ओकाफोर घरी आल्या होत्या. आपल्या देशात डॉक्टर घरी येतो म्हणजे एकतर रोगी राजा असला पाहिजे, नाहीतर डॉक्टरला पार्टीचं आमंत्रण. वर क्लेमच्या खोलीत अर्धा तास बसल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "मिसेस लॅचफर्ड, तुम्हाला कधीही, कुठल्याही वेळी फोन करावासा वाटला तर करा."

"जरूर," मी डोळा मिचकावला. "पण सत्तावीस तारखेपर्यंत मी काही विचारणार नाही."

बाई गोंधळल्या. अभिनयात कच्च्या आहेत.

संध्याकाळी टॅम्सिन भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई, बाबा म्हणतात तुला सगळं कळलंय, पण बोलायचं नाहीये. खरंय?"

"खरंय. उगाच सगळ्यांची मेहनत वाया का घालवू?"

"आई, असं कसं गं बोलतेस तू?"

"मग काय रडत बसू? तुम्ही तुमचं करा. मी वेळ येईल तेव्हा चकित होईन."

फडकं टाकून ती माझ्या गळ्यात पडली आणि हुंदके द्यायला लागली. "तू भयंकर आहेस," म्हणाली. "कुठून आणतेस एवढं बळ?" मी तिची पाठ थोपटली. पार्टीच्या तयारीने पोरगी दमलेली दिसते.

२५ डिसेंबर

टर्की केवढी उरली! टॅम्सिनने आणि मी थोडीशी खाल्ली, क्लेमने ताटात इकडून तिकडे फिरवली. जेवणाआधी नेहमीप्रमाणे नाताळचे कागदी फटाके दोन टोकांनी ओढून फोडले आणि त्यातले कागदी मुकुट उलगडून डोक्यावर घातले. क्लेमचा मुकुट घसरून सरळ नाकावर आला. आम्ही तिघं हसलो. टॅम्सिन हसता हसता उठून बाहेर गेली. मी मागून टाचणी लावून मुकुट लहान करून दिला.

तीन वाजता राजघराण्याचं नाताळचं भाषण लागलं, तोवर तो खुर्चीत झोपला होता, मुकुटासकट. तोंड उघडं, गालफडं आत गेलेली. क्षणभर मला त्याच्या वडिलांची शेवटच्या दिवसांतली आठवण झाली. मग म्हटलं, वय झालं की सगळी मुलं बापासारखीच दिसायला लागतात. टीव्हीचा आवाज वाढवला.

१५ जानेवारी

शेवटचं प्रकरण. १९५२ची एकतीस जानेवारी. मुलगी परदेशी निघाली, तिला निरोप द्यायला राजा विमानतळावर उभा आहे, डोक्यावर टोपी नाही, बोचरा वारा. हजारो लोकांनी तो फोटो पाहिला आणि तब्येत सुधारतेय म्हणाले. आठवड्याच्या आत तो गेला, इथून जवळच, सँड्रिंगहॅमला, झोपेत. मी लिहिलंय: 'परक्यांचं सोडा, रोज समोर बसून चहा पिणाऱ्या माणसांना हे दिसलं कसं नाही, याचं उत्तर इतिहासाला द्यावं लागेल.'

वाक्य चांगलं झालंय. क्लेमला वाचून दाखवलं. त्याचं अंथरूण आता खाली बैठकीत आणलंय, जिन्यात वारा लागतो म्हणून.

"हे काढून टाक," तो म्हणाला.

"का?"

"त्यांना दिसत असणार. आणि तुझ्या राजालाही ठाऊक असणार, शब्द सांगितला नाही म्हणून काय झालं? पण त्याला शेवटपर्यंत रोजच्यासारखा चहा हवा होता, गं. समोर बसून कुणीतरी टोचून बोलणारं हवं होतं. सगळे दबक्या आवाजात बोलायला लागले की माणूस आधीच मेल्यासारखा होतो."

"याला पुरावा काय?"

"पुरावा!" तो हसला, मग खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. मी पाणी दिलं. "तू देतेस ना मला रोजच्यासारखा चहा," म्हणाला. "तोच पुरावा."

मी वाक्य ठेवलंय. नवऱ्याच्या भावनेवर इतिहास लिहिता येत नाही. पण दिवसभर ते डोक्यातून जात नाहीये.

२४ जानेवारी

पाठवलं! सगळं पुस्तक सास्कियाकडे गेलं. क्लेमला सांगितलं, तर डोळे मिटूनच म्हणाला, "सगळं?" म्हटलं, "सगळं." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "संपलं ना?" मग दिवसभर झोपला. बाकीची माणसं आनंद झाला की नाचतात, माझा नवरा झोपतो.

आजचं पत्रक तर दोनच शब्दांचं. 'महाराज आहेत.' मी म्हटलं, "ही काय बातमी झाली?"

"आज हीच आहे," म्हणाला.

मला का कुणास ठाऊक, ते आवडलं नाही. पार्टी एकदाची होऊन जाऊ दे. या कुजबुजीचा आणि सूपांचा मला वीट आलाय. घरात पाऊल टाकलं की काहीतरी वास येतो, औषधाचा आणि गोडसर, खिडक्या उघडल्या तरी जात नाही.

२७ जानेवारी

हे लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते.

सकाळीच केस करून आले. निळा रेशमी पोशाख घातला, आईचा ब्रोच लावला. चकित झाल्याचा चेहरा आरशात दोनदा करून पाहिला. टॅम्सिनने छोटासा केक आणला, एकच मेणबत्ती. क्लेमने गाडीची किल्ली दिली, निळ्या फितीत बांधलेली. "आता ही तुझी," म्हणाला. बारा वाजले, एक वाजला. एकही गाडी दाराशी थांबली नाही. मी दोनदा पडदा सारून पाहिलं. टॅम्सिन खालमानेने बसून होती. मला फार लाज वाटायला लागली, त्या पोशाखाची.

तीनला चर्चच्या घंटा सुरू झाल्या. माझ्या जिवात जीव आला. म्हणजे बेत घंटाघरात आहे तर!

"खिडकी उघड," क्लेम म्हणाला.

"जानेवारी आहे, क्लेम."

"सताड उघड."

मी उघडली. त्याने मान तिकडे वळवली. मी कोट न घालताच गल्ली ओलांडून चर्चमध्ये धावले. घंटाघराच्या दाराशी थांबले; वाजवणं सुरू असताना आत जायचं नसतं. पाऊण तास सहा घंटा न चुकता एकमेकींत मिसळत राहिल्या. वेदीपाशी, बाकांवर, कुठेच कुणी नव्हतं. फुगा नाही, टेबल नाही. शेवटी थांबल्या आणि प्रू तोंड पुसत बाहेर आली.

"थंडीत अशी काय उभी तू? ऐकलं का गं त्याने? सगळं ऐकू आलं ना?"

"प्रू, मला वाटलं माझ्यासाठी आहे."

"तुझ्यासाठीही धर की. त्यानेच दिवस ठरवला, हेस्टरच्या वाढदिवसाला वाजवा म्हणाला. बाकीच्यांनी नावं ठेवली, म्हणाले, जित्या माणसाची निरोपाची घंटा कशी वाजवायची? तर म्हणतो, नंतर तुम्ही चामडं बांधून वाजवाल, ती काय मला ऐकू येणार आहे? माझी मला उघडी ऐकू द्या."

"नंतर?" मी विचारलं. "कशाच्या नंतर?"

प्रूचा चेहरा पडला. माझ्या पोशाखाकडे पाहिलं, ब्रोचकडे पाहिलं.

"हेस्टर," ती अगदी हळू म्हणाली. तिचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "तो तर म्हणाला होता, मी तिला रोज सकाळी सांगतो. आधी अंडं गाळलं, मग जिना गाळला, मग झोप. तिला नियम ठाऊक आहे, म्हणाला. ती वाचते आणि मला हसून उत्तर देते, म्हणून तर दिवस निघतोय. तुमचं दोघांचं तसं ठरलंय, असंच आम्हाला सांगितलं त्याने. डॉक्टरांनी सप्टेंबरातच सांगितलं होतं की पोटात पसरलंय..."

पुढचं मी ऐकलं नाही. अंडं. बारा वर्षं न शिवलेली गाडी. अंगठी. खालच्या मजल्यावरचं अंथरूण. माझा नियम, माझ्याच तोंडचा, त्याने पाठ केला होता, आणि रोज गाऊन घालून दारात उभा राहून माझ्याच भाषेत तो मला सांगत होता की मी चाललोय. आणि मी त्याचं गद्य तपासत होते. मला स्वतःची इतकी किळस आयुष्यात आली नव्हती.

घरी आले तेव्हा खिडकी तशीच उघडी होती आणि तो थंडीने निळा पडून हसत होता.

"पाचवी घंटा शेवटी घाई करत होती," म्हणाला.

"हो."

मी खिडकी लावली, त्याच्या पायांवर आणखी एक पांघरूण घातलं. चेहरा त्याला दिसू नये म्हणून बराच वेळ पांघरूण खोचत बसले. टॅम्सिन भिंतीशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला कळलं असावं.

"हेस्टर," तो म्हणाला. "तुला कळत होतं ना? मधे मधे मला भीती वाटायची की तू नुसतीच हसतेयस. की मी एकटाच बोलतोय."

त्याचा हात माझ्या हातात होता, नुसती हाडं.

"अंडं गाळलंस त्या दिवसापासून," मी म्हटलं.

त्याने डोळे मिटले. सगळा चेहरा सैल झाला. "वाटलंच मला," म्हणाला. "दुसऱ्या कुणाला जमलं नसतं."

आयुष्यभर मी डॉक्टरांची आणि दरबाऱ्यांची पत्रकं उघडी पाडली. आज माझं स्वतःचं दिलं, आणि ते गप्प बसून नव्हे, धडधडीत खोटं बोलून.

२८ जानेवारी

सास्कियाला सकाळी फोन करून चहाचं वाक्य काढायला सांगितलं. "पण तेच तर सगळ्यात छान आहे!" म्हणाली. काढ म्हटलं.

मग गाऊन घातला आणि बैठकीच्या दारात ताठ उभी राहिले. क्लेम जागा होता. काल मी खोटं बोलले ते त्याच्यासाठी. पण उरलेले दिवस फाटकाबाहेर टोपी काढून उभं राहून घालवायची माझी तयारी नाही.

"राणीसाहेबांची रात्र वाईट गेली," मी म्हटलं. "राणीसाहेब रडल्या. राणीसाहेबांना फार भीती वाटते आहे."

"असं लिहीत नाहीत पत्रकात," म्हणाला.

"माहीत आहे मला."

बाहेरून हंसांचा एक थवा गेला. क्लेमने तो आवाज संपेपर्यंत ऐकला. मग पांघरुणाचं टोक माझ्यासाठी उचललं आणि म्हणाला, "महाराजांनाही."